गुऱ्हाळाचं लाकूड कुठं जातंय? निपाणी भागातल्या एका चुलवाणाचा ऊर्जेचा हिशोब

पार्श्वभूमी

निपाणी तालुक्यात वेदगंगेच्या काठाला एक गाव आहे, तिथल्या एका गुऱ्हाळाची ही गोष्ट. गावाचं आणि घराचं नाव देत नाही, कारण त्यांनी सगळे आकडे मोकळेपणानं सांगितले ते याच बोलीवर. दसरा-दिवाळी झाली की यांचा चरक सुरू होतो आणि साधारण शिवरात्रीपर्यंत चालतो, ऊस बहुतेक को ८६०३२, थोडा कोसी ६७१, आणि गूळ जातो कोल्हापूरच्या मार्केटला. सीमा मधे असली तरी गुळाचा रस्ता आधीपासनं तिकडचाच आहे.

गुऱ्हाळाचे मालक, त्यांना सगळे आण्णा म्हणतात. त्यांचा धाकटा पोरगा आमच्याकडं डिप्लोमा मेकॅनिकलला होता, मी बेळगावात पॉलिटेक्निकला शिकवतो, त्यामुळं त्यानं मला बोलावलं. एक काहील (रस आटवायची मोठी कढई), एक चुलवाण (काहिलीखालची मोठी चूल), पंधरा एचपीच्या मोटरवर तीन लाटांचा चरक, गूळ शिजवायला गुळव्या मामा (चाळीसेक वर्षं हेच काम करतायत), आणि चुलवाणात जाळ घालायला अथणीकडचा एक माणूस (त्याला चुलव्या म्हणतात), त्याचं बोलणं कन्नड, मामांचं मराठी, आणि दोघं एकमेकांना पूर्ण कळतात. एका आदणाला, म्हणजे काहिलीच्या एका खेपेला, हजार किलोच्या आसपास रस आणि त्यातनं दोनशे किलोच्या आसपास गूळ. असं साधं, आपल्या भागात जागोजागी दिसणारं गुऱ्हाळ.

अडचण

अडचण अशी की चिपाड, म्हणजे रस काढून उरलेला उसाचा चोथा, पुरत नव्हतं. गुऱ्हाळाचा सगळा हिशोबच असा असतो की ऊस गाळला, रस काहिलीत गेला, चिपाड वाळवलं, तेच चुलवाणात गेलं, बाहेरनं जळण आणायची गरज नाही. पण इथं दर आदणाला एक-सव्वा क्विंटल लाकूड वरनं घालायला लागायचं, आणि लाकूड दरवर्षी महागतंय, शिवाय मिळत पण नाही. एक जण जुने टायर स्वस्तात आणून देतो म्हणून मागं लागला होता. आण्णांनी त्याला सरळ परत पाठवलं, गावची शाळा वाऱ्याच्या तोंडाला आहे आणि टायरचा धूर खाल्लेला गूळ आपण पोराबाळांना देणार नाही, विषय संपला. हा निर्णय त्यांनी आम्ही जायच्या आधीच घेतला होता, आणि मला वाटतं या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात चांगला निर्णय तोच, कारण ती वाट उघडी राहिली असती तर पुढचं काही सुचलंच नसतं.

आण्णांचं स्वतःचं मत मात्र वेगळं होतं. त्यांचं म्हणणं, मोटर जुनी झालीय, दोनदा रिवाइंडिंग झालंय, गरम होतीय, ती बदलली की सगळं सुधारंल. "सर, मोटर हात लावू देत न्हाई एवढी तापत्या, सगळी पावर तिथंच जाया लागल्या बघा." मोटर खरंच तापत होती. आलेल्या विजेतला काही भाग चरक फिरवायच्या ऐवजी उष्णता होऊन जातोय हे पण खरं. प्रश्न होता, किती.

आधी हिशोब

इथं पोराला मी म्हटलं, काही विकत घ्यायच्या आधी एक पान घे आणि ऊर्जा कुठनं येते आणि कुठं जाते ते लिहून काढ. वर्गात आपण यादी शिकवतो, रासायनिक ऊर्जा, उष्णता, यांत्रिक, विद्युत, प्रकाश, आणि ऊर्जा नाहीशी होत नाही फक्त रूप बदलते, पोरं पाठ करतात आणि मार्क पण मिळवतात, पण त्या वाक्याचा खरा उपयोग हा आहे की ऊर्जा नाहीशी होत नसेल तर जी सापडत नाही ती कुठंतरी गेलीच असणार आणि ती जागा शोधता येते.

सुरुवात उसापासनं. उन्हातली ऊर्जा पानानं पकडली आणि साखर नि तंतू करून ठेवली, दोन्ही रासायनिक ऊर्जाच. गाळल्यावर साखर रसात गेली आणि तंतू चिपाडात. एक किलो गूळ खाल्ला तर साधारण १६ मेगाज्यूल ऊर्जा मिळते, आणि एक किलो वाळलं चिपाड जाळलं तर साधारण १५. म्हणजे किलोला किलो धरलं तर दोन्हीत जवळजवळ सारखीच ऊर्जा आहे, एक माणसाच्या पोटात जाते आणि दुसरी चुलवाणाच्या. आण्णांना हे ऐकून लई नवल वाटलं, ते चिपाडाच्या ढिगाकडं बघतच राहिले.

आता काम किती करायचंय ते. रस हजार किलो, ब्रिक्स (रसात विरघळलेल्या साखरेचं शेकडा प्रमाण) १९ च्या आसपास (मीटर कारखान्याच्या एका शेतकी माणसाकडनं आणला होता), म्हणजे हजार किलोतलं आठशे किलो पाणी वाफ करून घालवायचंय. रस २५ डिग्रीवरनं उकळीपर्यंत न्यायला अंदाजे २८० मेगाज्यूल लागतात. आपला भाग समुद्रापासनं उंचावर आहे त्यामुळं पाणी १०० ला नाही, ९८ च्या आसपासच उकळतं, बेळगाव शहरात तर अजून थोडं कमी. पण खरा खर्च पुढं आहे. उकळत्या पाण्याची वाफ करायला किलोमागं साधारण २.२६ मेगाज्यूल लागतात आणि तापमान एक डिग्री पण वाढत नाही, सगळी ऊर्जा पाण्याचं वाफेत रूपांतर करण्यात जाते. आठशे किलोचे झाले १८०० मेगाज्यूल. एकूण २१००.

आणि मोटर? पंधरा एचपी म्हणजे ११ किलोवॅटच्या जरा वर. एका आदणाचा सोळाशे किलो ऊस गाळायला दीड-पावणेदोन तास, म्हणजे जास्तीत जास्त वीस युनिट. एक युनिट म्हणजे ३.६ मेगाज्यूल. वीस युनिट म्हणजे ७२ मेगाज्यूल.

एका बाजूला बाहत्तर आणि दुसऱ्या बाजूला एकवीसशे. मोटर नवीन घेऊन त्यातले दहा टक्के वाचले तरी सात मेगाज्यूल, म्हणजे अर्धा किलो चिपाड.

आण्णांना ते पटेना. एवढा ऊस चिरडणारी मोटर, त्याला एवढीच ऊर्जा लागते? म्हणून मी त्यांना गोकाकचा धबधबा सांगितला. घटप्रभेचं पाणी तिथं ५२ मीटरवरनं खाली पडतं, आणि त्याच पाण्याच्या जोरावर तिथं वीज पण तयार केली गेली. पावसाळ्यात समोर उभं राहिलं की जमीन हादरल्यासारखी वाटते. तर त्या धबधब्यावरनं एक किलो पाणी पडताना जी ऊर्जा मोकळी होते ती आहे साधारण ५१० ज्यूल. तेवढ्या ऊर्जेनं तेच पाणी तापवलं तर एक डिग्रीचा आठवा भाग, त्यापेक्षा जास्त तापणार नाही. आणि तेच एक किलो पाणी उकळून वाफ करायचं तर लागतात २२ लाख ६० हजार ज्यूल, म्हणजे चार हजार पटीच्या वर. उचलणं, चिरडणं, फिरवणं ही कामं डोळ्याला मोठी दिसतात आणि ऊर्जेत बारकी असतात, पाणी आटवणं उलटं आहे. एकोणिसाव्या शतकात जेम्स जूलनं पाण्यात पंखे फिरवून हेच मोजलं होतं, भरपूर फिरवलं तरी पाणी थोडंसंच तापतं, पण दर वेळी तेवढंच तापतं, त्यातनंच उष्णता आणि यांत्रिक काम एकाच मापात मोजायची रीत आली.

एक गोष्ट मात्र मी लगेच बोललो. विजेचा एक मेगाज्यूल आणि लाकडाचा एक मेगाज्यूल सारख्या किमतीचा नसतो, वीज बरीच महाग पडते, त्यामुळं नुसती मेगाज्यूलची तुलना करून मोटर सोडून देणं बरोबर नाही. मग रुपयातही मांडून बघितलं. तरी लाकूडच बरंच पुढं निघालं. मोटर पुढच्या वर्षावर ढकलली.

चुलवाणात काय होतंय

सोळाशे किलो उसाचं ओलं चिपाड सहाशे किलोच्या आसपास पडतं आणि त्यातलं जवळपास निम्मं पाणीच असतं. नीट वाळवलं तर ते ३४० किलोवर येतं आणि त्यात ५००० मेगाज्यूल असतात. काम २१०० चं आणि हातात ५०००, तरी कमी पडतंय.

उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत ओळखीचा माणूस आहे, त्याच्याकडनं के टाईप थर्मोकपल (जास्तीचं तापमान मोजायचं साधन) आणला आणि धुराड्याच्या बुडाला भोक पाडून आत घातला. तापमान सहाशेच्या वर. धूर काळा. चुलवाणाचं तोंड सताड उघडं, त्यातनं थंड हवा आत जातीय. एक किलो कोरडं चिपाड पूर्ण जळायला साधारण सहा किलो हवा पुरते, इथं अंदाजानं त्याच्या दुप्पट जात होती, आणि ती जास्तीची सगळी हवा सहाशे डिग्रीपर्यंत तापून धुराड्यातनं बाहेर. म्हणजे घालतोय ते जळण आकाश तापवायला. गोळाबेरीज केली तर दर आदणाला चिपाड आणि लाकूड मिळून ६६०० मेगाज्यूल आत जात होते, २१०० रसाला लागत होते, आणि अर्ध्याच्या आसपास एकट्या धुराड्यातनं जात होते. राहिलेले भिंतीत, जमिनीत, राखेतल्या अर्धवट जळलेल्या तुकड्यात आणि तोंडातनं बाहेर येणाऱ्या झळीत. मोटरचं बिल दर महिन्याला कागदावर येतं म्हणून ते दिसतं, धुराड्याचं बिल कुणी छापून देत नाही.

चिपाड पण पुरतं वाळलेलं नव्हतं, तीसेक टक्के ओल असावी. आता हे नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण सगळे म्हणतात ओलं जळण म्हणजे ऊर्जा वाया, पण नुसतं ते पाणी वाफ करायला जी ऊर्जा जाते ती दर आदणाला दोनशे मेगाज्यूलच्या आसपासच भरते, एकूणाच्या मानानं फार नाही. खरं नुकसान ज्वाळेचं आहे. ओल्या जळणाची ज्वाळा थंड असते आणि चुलवाणात काहिलीच्या बुडाला बरीचशी उष्णता ज्वाळेच्या प्रारणानं, म्हणजे थेट झळीनं पोचते, आणि ही झळ निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घातानं वाढते. ज्वाळा ८०० डिग्रीवरनं ९०० वर गेली तर तिची झळ जवळजवळ १.४ पट होते. शंभर डिग्रीनं एवढा फरक. शिवाय थंड ज्वाळेत धूर पुरता जळत नाही, काजळी धरते, ती काहिलीच्या बुडाला चिकटते आणि लोखंडातनं जाणारी उष्णता अजून अडवते.

कुणाच्या लक्षात न आलेली एक गोष्ट चुलव्यानं सांगितली, पोरानं कन्नडमधनं विचारलं म्हणून. सकाळच्या पहिल्या आदणाला लाकूड सगळ्यात जास्त लागतं, पुढच्यांना कमी. कारण रात्रभर गार झालेली भिंत आधी तापवायला लागते. दोन-अडीच टन वीट-माती सरासरी दोनशे डिग्री तापवायची तर चारशे-साडेचारशे मेगाज्यूल लागतात. आणि उसाची गाडी उशिरा आली की मधे दोन-दोन तास जाळ बंद, भिंत परत गार. म्हणजे उसाची गाडी वेळेवर येणं हा पण जळणाचाच प्रश्न.

पर्याय

गुऱ्हाळ बंद करून ऊस कारखान्याला घालायचा हा पर्याय घरात आधीपासनं बोलला जात होता, थोरला पोरगा त्याच बाजूचा. आण्णा तयार नव्हते आणि तो त्यांच्या घरचा निर्णय, त्यात मी बोललो नाही. तीन-चार काहिलींचं तयार नवीन चुलवाण बांधून घ्यायचं हा दुसरा, त्याला जेवढं कर्ज लागत होतं तेवढं एका काहिलीच्या धंद्याला झेपणारं नव्हतं. उरले ते आहे त्या चुलवाणातले बदल.

त्यातले दोन गंभीर होते. एक, काहिलीच्या बुडाला बाहेरनं लोखंडी पट्ट्या वेल्ड करायच्या म्हणजे ज्वाळेला टेकणारा पत्रा वाढतो आणि उष्णता जास्त आत येते, काही गुऱ्हाळांनी हे केलेलं आहे. दोन, काहिलीच्या मागं, धुराड्याच्या अलीकडं, दुसरी लहान काहील बसवायची, जाणाऱ्या धुरावर पुढच्या आदणाचा रस तापवून ठेवायचा.

पोराला पट्ट्या पाहिजे होत्या. खर्च कमी, दोन दिवसाचं काम, आणि कागदावर फायदा चांगला. मामांनी साफ नाही म्हटलं. आणि कारण पण दिलं, ते कारण ऐकून घेतलं म्हणून हे काम नीट झालं असं माझं प्रामाणिक मत आहे. ते म्हणाले, "रस पातळ हाय तवर कितीबी जाळ घाला, काय होत न्हाई. पण पाक गोळीवर आला की जाळ माझ्या हातात पायजे. तुमच्या पट्ट्या तापल्यात त्या काय माझ्या सांगण्यानं थांबणार हायत व्हय?"

यातलं विज्ञान अगदी पक्कं आहे. रसात पाणी आहे तोपर्यंत पाणी स्वतः उकळून उष्णता घेऊन जातं आणि पत्र्याचं तापमान शंभरच्या आसपास धरून ठेवतं. पाणी संपत आलं की ही सोय संपते, पाक ११० वर जातो, ११५ वर जातो, आणि ११८ च्या आसपास गूळ उतरायला लागतो. तिथं दोन-तीन डिग्री इकडं-तिकडं झाली की गूळ करपतो, रंग जातो, आणि कोल्हापूरला दर रंगावर ठरतो. मामा गार पाण्यात पाकाचा थेंब टाकून बोटानं गोळी बघतात आणि बरोबर त्या क्षणी जाळ मागं ओढायला सांगतात. जाड पट्ट्या लावल्या तर त्यात साठलेली उष्णता जाळ ओढल्यावर पण थोडा वेळ आत येत राहणार. शिवाय पट्ट्यांच्या मधली काजळी घासायची कशी हा दुसरा प्रश्न.

पट्ट्या रद्द झाल्या, मागच्या काहिलीचं ठरलं.

पण तिथं पण एक पेच होता. धुराड्याला ओढ लागते ती आतला धूर गरम आणि हलका असतो म्हणून, उष्णतेचाच थोडा भाग धुराच्या गतीत बदलतो आणि तीच गती बाहेरनं हवा आत ओढून आणते. मागच्या काहिलीनं धूर फार गार केला तर ओढ कमी होईल, ओढ कमी झाली तर हवा कमी, हवा कमी तर काळा धूर. म्हणजे धुराड्यातली सगळी उष्णता काढून घेता येतच नाही, थोडी तिथं सोडायलाच लागते, ती काम करतीय. म्हणून मागची काहील लहान ठेवायची, धुराडं थोडं उंच करायचं आणि त्यात एक सरकता पत्रा, म्हणजे डॅम्पर, बसवायचा असं ठरलं.

काय केलं

चिपाडाचं आधी केलं, कारण त्याला पैसे लागत नव्हते. आजचं चिपाड उद्या जाळायचं बंद. मोकळ्या जागेत पातळ पसरायचं, दुपारी एकदा उलटायचं, आणि दोन दिवसाच्या उन्हानंतरच ढिगात घालायचं, जुना ढीग आधी जाळायचा. हिशोब केला तर एका आदणाच्या चिपाडातलं अडीचशे किलोच्या वर पाणी ऊन आटवून देतं, ती ऊर्जा सहाशे मेगाज्यूलच्या वर भरते, म्हणजे पावणेदोनशे युनिट विजेएवढी, फुकट. ढीग चुलवाणापासनं लांब हलवला कारण एवढं कोरडं चिपाड म्हणजे ठिणगीचीच भीती.

मग आदणांच्या मधला एक दिवस काम बंद ठेवून चुलवाणाच्या तळाला लोखंडी जाळी बसवली, म्हणजे हवा तोंडातनं न येता खालनं जळणाच्या मधनं येते, आणि तोंडाला झाकण केलं, जळण घालायच्या वेळेपुरतंच उघडायचं. चुलव्याला पहिले काही दिवस त्याचा वैताग आला, दर वेळी झाकण उघडा-झाका करायचं, पण तोंडातनं अंगावर येणारी झळ कमी झाली तसा तोच दुसऱ्यांना ओरडायला लागला, झाकण लावा म्हणून.

शेवटी मागची काहील, धुराड्याची उंची आणि डॅम्पर. हे काम निपाणीतल्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडनं करून घेतलं. उसाच्या गाड्यांसाठी आण्णांनी तोडणीच्या टोळीशी बोलून पहाटेची पहिली गाडी आदल्या रात्रीच आणून ठेवायला सुरुवात केली, म्हणजे सकाळी चालू झालेला जाळ दिवसभर तुटत नाही.

काय झालं

धुराड्यातलं तापमान सहाशेच्या वरनं साडेचारशे ते पाचशेवर आलं. मागच्या काहिलीतला रस पुढं ओतताना ऐंशी-पंच्याऐंशी डिग्री असतो. आणि मागं गरम होतानाच मळी (रसातली घाण) वर यायला लागली, मामांनी पहिल्यांदा कपाळाला आठ्या घातल्या पण मग तिथंच पहिली मळी काढायला सुरुवात केली, पुढच्या काहिलीत काम हलकं झालं आणि आदण अर्धा तास आधी उतरायला लागलं. हा फायदा कुणाच्याच हिशोबात नव्हता.

लाकूड दर आदणाला पंचवीस-तीस किलोवर आलं. ढगाळ दिवस आले की मात्र परत वाढतं, ते पूर्ण बंद झालेलं नाही.

आता यातला एक आकडा मला फार महत्त्वाचा वाटतो. चुलवाणाची कार्यक्षमता आधी ३२ टक्क्यांच्या आसपास होती, नंतर ३८. नुसतं ऐकलं तर कुणी म्हणेल सहा टक्क्यासाठी एवढा खटाटोप? पण लाकूड हे एकूण जळणातलं वरचं, कमी पडलेलं टोक होतं. पायातलं ५००० मेगाज्यूलचं चिपाड घरचंच आहे, ते तेवढंच राहणार. त्यामुळं एकूण जळणात सहावा भाग वाचला तो सगळाच्या सगळा लाकडातनं कमी झाला आणि लाकूड चौथ्या हिश्श्यावर आलं. जिथं घरचं थोडंसंच कमी पडतं तिथं थोडीशी सुधारणा पण पैशात लई मोठी दिसते. ज्या गुऱ्हाळाचं निम्मं जळण विकतचं असेल तिथं हेच बदल करून एवढा फरक दिसणार नाही, हे पण सांगायला पाहिजे.

गुळाच्या रंगाबद्दल मामांचं मत, "पयल्यासारखाच हाय." मामा एवढंच बोलले म्हणजे काम पास.

वेगळं काय करता येईल

सगळ्यात पहिलं, बदल एकेक करून मधे मोजमाप घ्यायला पाहिजे. इथं हंगाम चालू होता, ऊस तोडून पडलेला होता, त्यामुळं जाळी, झाकण, मागची काहील आठवड्याभरात एकापाठोपाठ एक झालं, आणि आता कुठल्या बदलानं किती वाचवलं ते वेगळं काढता येत नाही. माझा अंदाज असा की झाकण आणि वाळवलेलं चिपाड या दोन जवळजवळ बिनखर्चाच्या गोष्टींनी बराच भार उचललाय. जो कुणी हे करणार असेल त्यानं दसऱ्याच्या आधी झाकणाचं काम उरकावं आणि हंगाम सुरू झाल्यावर पहिले आठ-दहा दिवस फक्त चिपाड आणि झाकण एवढंच बदलून बघावं. त्यातच काम भागलं तर दुसऱ्या काहिलीचा खर्च वाचतो.

दुसरं, चुलव्याला पहिल्याच दिवशी विचारायला पाहिजे. भिंत तापायची गोष्ट त्याला माहीत होती, वर्षानुवर्षं तो ती बघत होता, पण त्याला कुणी विचारत नव्हतं आणि भाषेमुळं तो आपणहून सांगत पण नव्हता. पोराला कन्नड येत होतं म्हणून ते बाहेर आलं. आपल्या भागात कामाच्या ठिकाणी दोन-दोन भाषा असतात, तिथं मोजमापाच्या आधी एक तास नुसतं बोलण्यात घालवावा.

तिसरी अडचण वापरात आल्यावर कळली. दिवसाच्या शेवटच्या आदणाला मागच्या काहिलीत घालायला रस नसतो, आणि रिकामी काहील पाचशे डिग्रीच्या धुरावर ठेवली तर पत्रा वाकतो. आता तिच्यात पाणी भरतात, त्या गरम पाण्यानं काहिली आणि गूळ गार करायचे वाफे धुतात आणि कामगारांच्या आंघोळी पण होतात. हे चांगलंच झालं, पण एखाद्या दिवशी पाणी घालायचं विसरलं तर नुकसान ठरलेलं. बांधतानाच धुराला बाजूनं जायला दुसरी वाट आणि तिला झडप ठेवली असती तर काहील पाहिजे तेव्हा धुरातनं बाजूला काढता आली असती. ती झडप आता पुढच्या हंगामाच्या यादीत आहे.

आणि पट्ट्यांचा विषय पोरानं सोडलेला नाही. त्याचं आता म्हणणं असं की पुढच्या काहिलीला नको तर मागच्या काहिलीला लावूया, तिथं कायम पातळ रसच असतो, गोळीचा प्रश्न नाही, करपायची भीती नाही. मामांना विचारलं तर म्हणाले, "तिथं लाव की, तिथं माझं काय न्हाई." पट्ट्या लावल्या तर धूर अजून गार होणार, म्हणून आधी धुराड्याची ओढ परत मोजायची, साडेतीनशेच्या खाली तापमान जाऊ द्यायचं नाही असं आम्ही ठरवलंय, आणि बुडाला ब्रश फिरेल एवढं अंतर दोन पट्ट्यांत ठेवायचं. मोटरचं पण त्याच वेळी बघायचं आहे, ती अजून तशीच तापतीय.